वंशाचा सिद्धान्त आणि कोलामांचे दैवत

माणसाची ईश्वरकल्पना त्याच्या रक्तातून येते, की ज्यांच्या सहवासात तो जगतो त्यांच्याकडून तो ती घेतो, हा धर्मविचारातला मूलभूत प्रश्न आहे. वसाहतकाळातील युरोपीय ग्रंथकारांनी मात्र त्याचे उत्तर आधीच गृहीत धरले. रॉबर्ट कॉल्डवेल यांनी १८५६ मध्ये द्राविडी भाषांचे तौलनिक व्याकरण सिद्ध केले, तेव्हापासून भाषाकुल, म्हणजे एका मूळ भाषेपासून निघालेल्या भाषांचा समूह, आणि वंश, म्हणजे जन्माने एक असलेला जनसमूह, यांतली सीमारेषा पुसट होत गेली. १८७१ मध्ये एडवर्ड टायलर यांनी जडप्राणवाद, म्हणजे झाडाधोंड्यांतही आत्मा वसतो ही श्रद्धा, धर्माची सर्वांत खालची पायरी ठरवली, आणि १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी नासिकानिर्देशांक, म्हणजे नाकाच्या रुंदीचे त्याच्या उंचीशी असलेले प्रमाण, जातीच्या सामाजिक दर्जाशी जोडून दाखवला.

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, मारेगाव, झरी जामणी या भागांत राहणारे कोलाम या मांडणीत भाषेने द्राविडी, धर्माने जडप्राणवादी आणि म्हणून संस्कृतीने तळाचे ठरतात. परंतु त्यांचे प्रत्यक्ष धर्मजीवन या चौकटीत बसत नाही. त्यांचे मुख्य दैवत भीमायक; त्याचे नाते महाभारतातल्या भीमाशी सांगितले जाते, आणि ते सांगणारी माणसे घरात कोलामी बोलत असली तरी बाजारात मराठीच बोलतात. याहून बोलके उदाहरण पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादचे आहे. ज्यांच्या जमातीने चंद्रपुरावर राज्य केले ते गोंड तेथे स्थानिक देवतांच्या पूजेसाठी कोलामांना पुजारी म्हणून बोलावत, अशी नोंद क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांनी १९४० च्या दशकातील आपल्या अभ्यासात केली आहे. सत्तेने आणि संपत्तीने वरचढ असलेल्यांनी भूमीच्या देवतांवरचा अधिकार दुर्बलांकडे मान्य करावा, याचा उलगडा कवटीच्या किंवा नाकाच्या मापाने होणे शक्य नाही. तो जमिनीशी असलेल्या जुन्या नात्याच्या स्मृतीतूनच होऊ शकतो.

वऱ्हाडात अधिकारी राहिलेले आल्फ्रेड लायल यांनीही या प्रांताच्या धर्मावर लिहिताना दगडाच्या पूजेपासून श्रेष्ठ देवांच्या उपासनेपर्यंतचे सारे प्रकार येथे शेजारी शेजारी नांदताना पाहिले होते. त्यांनी ते पायऱ्यांनी मांडले हे खरे, पण एकच शेतकरी शेंदूर फासलेल्या धोंड्यालाही हात जोडतो आणि विठ्ठलालाही, तेव्हा त्याला कोणत्या पायरीवर उभे करावे, हा प्रश्न त्या रचनेतून सुटत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये अस्पृश्यतेवरील ग्रंथात याच मोजमापांचे आकडे घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे वंश भिन्न ठरत नाहीत असे दाखवले, आणि अस्पृश्यतेचे मूळ बौद्ध व ब्राह्मणी धर्मांच्या संघर्षात शोधले. त्यांच्या ऐतिहासिक अनुमानाशी मतभेद असू शकतो. पण माणसामाणसांतील भेद देहात न शोधता श्रद्धेच्या आणि सत्तेच्या इतिहासात शोधावा, ही त्यांची दिशा कोलामांच्या बाबतीतही अधिक सत्यदर्शी आहे, कारण ती भीमायकाच्या पुजाऱ्याला नमुना न मानता विचार करणारा उपासक मानते.