कुंभारीण आणि अळी

कुंभारीण माशी अळी धरून आणते, मातीच्या घरात कोंडते. अळी भयाने अहोरात्र तिचाच ध्यास घेते आणि अखेर स्वतःच कुंभारीण होऊन उडते. तसा भक्त ध्यानाने देवरूप होतो. हा भ्रमर-कीटकन्याय आपण सर्वांनी कीर्तनात ऐकला आहे. मीही तो नातवाला किती वेळा सांगितला असेल!

ह्या नातवाला अळ्या पाळण्याचा नाद. कढीलिंबावरची अंडी पानासकट बरणीत ठेवायची, तोंडाला मलमलीचे फडके बांधायचे, रोज ताजा पाला घालायचा. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी कात टाकीत टाकीत हिरवीगार होते, कमरेला रेशमी धागा बांधून काडीवर कोष करते आणि काही दिवसांनी ओल्या, चुरगळलेल्या पंखांचे फुलपाखरू बाहेर येते. हे सारे मी त्याच्याबरोबर पाहिले.

एके दिवशी त्याने खिडकीवरचे कुंभारणीचे मडके अलगद फोडले. "आबा, अळीची माशी होतच नाही. हे बघा!" आत चारपाच अळ्या लुळ्या पडलेल्या, आणि कुंभारणीचे पिल्लू त्यांतली एक खात होते. कुंभारीण अळीला नांगी मारते ती लुळी करण्यापुरती; पिल्लाला अन्न ताजे हवे. तिचे अंडे मडक्यात बारीक तंतूने टांगलेले असते. फ्रान्सच्या जाँ-आंरी फाब्र (१८२३–१९१५) ह्या निरीक्षकाने हे बारकाईने पाहून लिहून ठेवले आहे. उडते ती माशी त्या अंड्यातली. अळी बिचारी तिचा शिधा!

मी पोरावर खेकसलो, "तुला काय कळतंय?" रात्री मात्र डोळा लागेना. पोर खरे बोलले होते. मला राग आला तो दृष्टांत मोडल्याचा. आणि भूतदया सांगणारा मी, जिवंतपणी खाल्ल्या जाणाऱ्या जिवाला आजवर भाग्यवान म्हणत आलो होतो!

कोणी म्हणेल, दृष्टांत एकदेशीच असतो. मुखाला चंद्र म्हटले की डाग मोजू नयेत. खरे आहे. पूर्वीच्यांनी मडके फोडून पाहिले नव्हते. जे समजत होते ते निर्मळपणे सांगितले. त्यांना दोष नाही. परंतु डोळ्यांनी पाहिल्यावरही "असेच घडते" म्हणून मी सांगितले, तर ते असत्य माझे. देवाच्या नावाने बोललेले असत्य पवित्र कसे होईल?

सकाळी पोराने विचारले, "आबा, मग देवरूप होणंही खोटंच का?"

मी म्हणालो, "नाही बाळा. वाटाड्यानं कोस चुकीचे सांगितले म्हणून पंढरी कुठं जात नाही. पण खरे कोस कळल्यावर चुकीचेच सांगत राहिला, तर त्याच्या मागनं कोणी का चालावं?"

आता तो दृष्टांत सांगताना मी "पूर्वी लोक असे समजत" एवढे शब्द आधी घालतो, आणि मडक्यात काय पाहिले तेही सांगतो. श्रोत्यांपैकी अजून कोणी उठून गेलेले नाही.