ताप लपवणारा दोषी की आपण?

साथीत ताप अंगावर काढणाऱ्याला आपण अडाणी ठरवून मोकळे होतो. हा निवाडा मला अन्यायाचा वाटतो. २०२० साली कोरोनाच्या साथीत प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे हे गावोगावी बहुतेकांना ठाऊक होते. तिथे गेल्यावर आपले काय होईल, हे ठाऊक नव्हते. घशातला स्वॅब, दारात रुग्णवाहिका, विलगीकरण आणि शेजाऱ्यांच्या बदललेल्या नजरा, या धास्तीने अनेकांनी आजार लपवला. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात हेच घडले. प्लेग अधिकारी रँडच्या अमलात गोरे सोजीर घरात घुसून झडती घेत, तेव्हा लोक आजारी माणूस दडवत. याउलट त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांना मुलाच्या, डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात नेत होत्या. त्या सेवेतच त्यांना प्लेगने गाठले. विश्वास नसेल तर माहिती असूनही पाय दवाखान्याकडे वळत नाहीत.

मग संसर्ग पसरवणाऱ्याची काहीच जबाबदारी नाही? आहे, आणि ती गंभीर आहे. पण जे पाळणे आवाक्यात आहे, तेच कर्तव्य म्हणून माणसावर लादता येते. रोजंदारी बुडाली की ज्याची चूल विझते, त्याला घरी बसवणाऱ्या समाजाने आधी त्याच्या धान्याची सोय लावली पाहिजे. सक्तीने काम लवकर होते म्हणणाऱ्यांनी कोरोनाच्या काळातली मुंबईची धारावी आठवावी. तिथे महापालिकेने लोकांच्या ओळखीच्या, वस्तीतल्या खासगी डॉक्टरांनाच सोबत घेतले. साथ नसतानाही आशाताई ज्या उंबऱ्यावर येते, तिथे ताप लपत नाही. असा विश्वास रोजच्या ओळखीतून येतो; म्हणून तुमच्या आरोग्य उपकेंद्रातले पद रिकामे असेल, तर येत्या ग्रामसभेत त्याचा जाब विचारा.