बावटा लागल्यावर



पावसाळा तोंडावर आला की मांडवीच्या जेटीवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो : ‘बंदरात कितीचा बावटा लागलाय?’ एक नंबरचा असेल तर वादळ अजून दूर समुद्रात आहे. तीन नंबरचा लागला की होडी बाहेर काढायची नाही, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आले आणि ‘बसरा स्टार’ हे एवढे मोठे जहाज मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन अडकले. ते पाहिल्यावर बावट्याला हसण्याची कोणाची छाती होणार?

बावट्यावर कोणी रागावत नाही. तो वादळ आणत नाही, येणाऱ्या वादळाची आगाऊ खबर देतो. परमेश्वराच्या इशाऱ्यांबाबत मात्र आपली समजूत उलटी असते. मनाला लागलेली टोचणी, पत्नीने डोळ्यांत पाणी आणून केलेली विनवणी, मित्राचे कडू बोल यांना आपण कटकट म्हणतो. पण इशारा आणि संकट यांच्यामध्ये जो वेळ मिळतो, तो देवाच्या दयेचा वेळ असतो.

मग कळूनही माणूस उशीर का करतो? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हा प्रश्न आम्हाला फार छळायचा. सॉक्रेटिसचे म्हणणे असे की, चांगले काय हे खरोखर कळलेला माणूस वाईट करणारच नाही. ॲरिस्टॉटलला हे पटले नाही. माणसाला कळते, पण त्या क्षणी त्याचे ज्ञान झोपलेल्या माणसाच्या ज्ञानासारखे असते, असे तो म्हणतो. आपल्या अनुभवाला हे अधिक जवळचे आहे. दारू घर बुडवते हे पिणाऱ्याला माहीत असते. भावाशी बोलणे टाकले ते चुकले, हेही आपल्याला माहीत असते. आपण ‘नाही’ म्हणत नाही, फक्त ‘बघू’ म्हणतो.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय २४ मध्ये असाच एक ‘बघू’ आहे. संत पौल कैदेत असताना सुभेदार फेलिक्ससमोर नीतिमत्त्व, संयम आणि येणारा न्याय यांविषयी बोलला. फेलिक्स घाबरला, म्हणजे इशारा त्याच्या काळजापर्यंत पोहोचला होता. तरी त्याने सोयीचा वेळ मिळाल्यावर पुन्हा बोलावतो असे सांगून पौलाला परत पाठवले. आपण हा उतारा फेलिक्सचे नुकसान झाले एवढ्यापुरता वाचतो. पण पुढे पाहा : दोन वर्षे उलटली आणि पौल तुरुंगातच राहिला. फेलिक्सच्या उशिराची किंमत पौलाने भरली. योना संदेष्टा देवाचे बोलावणे टाळून पळाला, तेव्हाही समुद्रात माल फेकून द्यावा लागला तो बिचाऱ्या खलाशांना.

आपल्या जिल्ह्याने हे डोळ्यांनी पाहिले आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि भेंदवाडीतील वीसहून अधिक माणसे गेली. धरणाला गळती असल्याच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. पाणी वाडीत शिरले तेव्हा बुडाली ती घरात बसलेली माणसे. हा देवाचा कोप होता असे कोणी म्हणू नये. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, तेव्हा ते इतरांपेक्षा जास्त पापी नव्हते असे प्रभू येशूनेच स्पष्ट सांगितले (लूक १३). मात्र त्याच वेळी त्याने ऐकणाऱ्यांना पश्चात्ताप करायला सांगितले. मेलेल्यांचा न्याय करू नका, स्वतःची गळती पाहा, असा त्याचा रोख होता.

हे लिहिण्याचा मला अधिकार आहे तो माझ्या चुकीमुळे. दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना एका गुरुवारी एक गृहस्थ आले. म्हणाले, ‘फादर, आई थकलीय, तुमची आठवण काढते. जरा येऊन जाल का?’ मी म्हटले, ‘रविवारी मिस्सानंतर येतो.’ त्या दिवशी मला तातडीचे काम काहीच नव्हते. ऊन होते आणि वाट चढणीची होती, एवढेच. शनिवारी पहाटे निरोप आला. मी पोहोचलो तेव्हा आई गेली होती. तिला पापनिवेदन करायचे होते, असे सून म्हणाली. कोणी मला बोल लावला नाही. मुलाने तर पाण्याचा तांब्या पुढे केला. देवाची दया माझ्या आळसापेक्षा मोठी आहे, म्हणून तिच्या आत्म्याची मला चिंता नाही. पण दोन दिवस तिने दाराकडे पाहिले असेल, ते मी परत करू शकत नाही.

कोणी विचारील, ‘फादर, घाईने केलेले कामही बिघडतेच की!’ खरे आहे. लग्न, जमीनजुमला, नोकरी यांचा निर्णय विचार करून, प्रार्थना करूनच घ्यावा. पण विचार करणे आणि टाळणे यांतला फरक ओळखणे अवघड नाही. विचार करणारा दिवस ठरवतो, कोणाला तरी विचारतो, निदान पहिले पाऊल टाकतो. टाळणारा यांतले काहीच करीत नाही. निनवेला चाळीस दिवसांची मुदत होती. संदेष्टा शहरात एक दिवसाची वाट चालला न चालला तोच लोकांनी गोणपाट नेसले. शिल्लक दिवस मोजत ते बसले नाहीत.

तेव्हा आज घरी गेल्यावर, जेवायला बसण्याआधी, स्वतःला एकच प्रश्न विचारू या : माझ्या ‘बघू’मुळे कोण वाट पाहत आहे? ते नाव मनात येईल. मग त्या माणसाला फोन करावा, किंवा सरळ त्याच्या दारी जावे. ज्यांना पापनिवेदन करायचे आहे त्यांनी शनिवारची वाट पाहू नये. दार वाजवा, मी येतो. आता मी रविवारचा वायदा करीत नाही.

प्रभू आपणा सर्वांना जागे ठेवो.

आपला,
फादर