खोटी मुले, खरी दया?

घरातली पोरे संगणकावर लढाया खेळत बसतात म्हणून आपण वडीलधारे नेहमी कुरकुरतो. पण २०२४ सालची एक हकिकत ऐकून आपण जरा विचारात पडावे.

स्वीडनच्या ॲरोहेड कंपनीचा 'हेलडायव्हर्स २' हा खेळ. जगभरचे खेळाडू इंटरनेटवरून एकाच बाजूने लढतात. ठरावीक दिवसांत सर्वांनी मिळून पार पाडायची कामगिरी त्यांना दिली जाते. त्या वर्षी एकदा दोन ग्रहांतून निवड करायची होती. एक जिंकला तर रणगाडाविरोधी सुरुंग मिळणार. दुसऱ्यावर आजारी मुलांचे रुग्णालय शत्रूच्या वेढ्यात सापडलेले.

ती मुले होती कुठे? पडद्यावरच्या निरोपात, एवढेच. तरी खेळाडूंनी सुरुंगांवर पाणी सोडले आणि मुलांकडे धाव घेतली.

याला दया म्हणायचे का? काहींनी थट्टेनेही केले असेल. नसलेल्या मुलांचा कळवळा स्वस्तच, असे कोणी म्हणेल. पण सुरुंग तरी कुठे खरे होते? दोन्ही खोटे, मग त्या निवडीत खरे उरते ते निवडणाऱ्याचे मन. पुढे खेळ बनवणाऱ्यांनी 'सेव्ह द चिल्ड्रन' या संस्थेला ४,३११ डॉलर दिले, ते मात्र खऱ्या मुलांसाठी.

आपली अडचण निराळी आहे. पडद्यावरच्या आजाऱ्याच्या खोलीला औषधांचा वास येत नाही. मागच्या आळीत अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याकडे 'पुढच्या रविवारी नक्की' म्हणत आपण किती रविवार घालवले! तिथे कोणी मुदत घालून दिली नाही, म्हणून का?