ऐतिहासिक कादंबरी आणि ज्यांना उत्तर देता येत नाही ते

ऐतिहासिक कादंबरीचे गुणदोष सांगावयास बसले की आपले टीकाकार बहुधा सनावळीपासून आरंभ करतात. हरिभाऊ आपट्यांची 'गड आला, पण सिंह गेला' ही कादंबरी घ्या. तानाजीच्या मृत्यूनंतर कोंढाण्याला सिंहगड हे नाव मिळाले, ही समजूत तिने घरोघर दृढ केली. परंतु १६७० पूर्वीच्या पत्रव्यवहारातही ते नाव आढळते. दोष खराच. तथापि त्याने कोणावर अन्याय झाला? तानाजीचा पराक्रम त्यामुळे रतिभरही उणा ठरत नाही. अशी चूक क्षम्य मानावी.

दुसऱ्या जातीची चूक याहून जड आहे. नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ साली झाला. आनंदीबाईने 'ध'चा 'मा' केला ही कथा इतकी रुजली की तिचा वाक्प्रचारच बनला. पण तसा फेरफार केलेला मूळ कागद संशोधकांच्या हाती नाही. ती कथा कादंबरीकाराने निर्विवाद सत्य म्हणून रंगविली, तर एका स्त्रीवर खुनाचा आरोप कायमचा बसतो. आणि तिला तर उत्तर देता येत नाही.

मृतांप्रमाणे जितांनाही उत्तर देता येत नाही. पुण्यात बसून वाचणाऱ्याच्या हे सहसा ध्यानात येत नाही. रायपूरच्या तात्यापाऱ्यात वाचणाऱ्या मराठी माणसाला ते टाळता येत नाही. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सरदार भास्करपंत कोल्हटकर रतनपुरावर चालून आले, तेव्हा हैहयवंशी राजा रघुनाथसिंह वृद्ध होता, पुत्रशोकाने खचलेला होता. आपल्या कादंबरीत हे विजयाचे प्रकरण होईल; छत्तीसगढी शेजाऱ्याच्या दृष्टीने तो एका प्राचीन राज्याच्या अंताचा आरंभ होय. हेच भास्करपंत पुढे बंगालवर गेले. १७४४ साली अलीवर्दीखानाने त्यांना भेटीस बोलावून दग्याने मारविले. आपण तो दगा स्मरतो. बंगाल 'बर्गीं'ची लूट स्मरतो. दोन्ही स्मृती खऱ्या आहेत.

यावर कोणी म्हणेल, कादंबरीकार न्यायाधीश नव्हे. पक्षपातावाचून रस कोठून येणार? नायकावर त्याने खुशाल प्रेम करावे. प्रतिपक्षाचे माणूसपण मात्र हिरावून घेऊ नये, एवढेच मागणे आहे. इतिहास पुत्रशोकाची नोंद करतो. तो शोक आपणांस भोगावयास लावणे कादंबरीलाच साधते. तिचे सामर्थ्य हे, आणि तिची जबाबदारीही तेथूनच उपजते. बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरात राहिले. रामटेकरीवर त्यांनी राममंदिर बांधले. जेत्याच्या घराण्यातील पुरुष त्याच भूमीचा रहिवासी कसा झाला, हा केवढा विषय आहे!

सनावळी पंडितांनी तपासावी. आपण वाचकांनी एवढेच पाहावे, की ही कादंबरी छत्तीसगढी शेजाऱ्यासमोर, एकही पान न गाळता, मोठ्याने वाचता येईल काय?