लाल भय आणि कुळाची जमीन

अमेरिकेत १९१९-२० साली परदेशातून आलेल्या कामगारांच्या धरपकडीतून आणि पुढे १९५० नंतर सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्या आरोपसत्रांतून साम्यवादाचे जे भय पसरले, त्याचा रोख मुख्यतः माणसाच्या मतांवर, त्याच्या संगतीवर आणि नोकरीवर होता. मॅकार्थींच्याच काळात नांदेड आणि लातूरच्या परिसरात, म्हणजे पूर्वीच्या निजामी हैदराबाद संस्थानाच्या मराठी भागात, जे भय वावरत होते त्याच्या मुळाशी मात्र जमीन होती.

हे भय शेजारून आले. तेलंगणातील देशमुखांच्या अफाट जमिनी आणि ‘वेट्टी’ नावाची वेठबिगार यांविरुद्ध १९४६ पासून कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली सशस्त्र लढा उभा राहिला. देगलूर-बिलोलीचा मुलूख तेलुगू प्रदेशाला भिडलेला असूनही मराठवाड्यात तसा उठाव झाला नाही, आणि येथील कम्युनिस्ट पक्षाचे बळही बेताचेच होते. तरीसुद्धा भय पक्षापेक्षा कितीतरी मोठे झाले, कारण ते अनेकांच्या सोयीचे होते. हैदराबाद स्टेट काँग्रेसमधील मवाळांना, पूर्वायुष्यात कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केलेले स्वामी रामानंद तीर्थ आणि मार्क्सवादी विचारांकडे झुकलेले गोविंदभाई श्रॉफ हे दोघेही नको तितके डावे वाटत. निजाम सरकारने मे १९४८ मध्ये कम्युनिस्ट पक्षावरील बंदी उठवली तेव्हा दिल्लीच्या दृष्टीने रझाकार, म्हणजे इत्तेहादुल मुस्लिमीनचे निमलष्करी दल, आणि कम्युनिस्ट ही एकाच संकटाची दोन तोंडे ठरली. सप्टेंबरातील पोलीस कारवाईने निजामाची राजवट पाच दिवसांत कोसळली, पण कम्युनिस्टांविरुद्ध फौजेची मोहीम ऑक्टोबर १९५१ मध्ये लढा मागे घेतला जाईपर्यंत चालूच राहिली.

या तीन वर्षांत बंदुकीच्या जोडीने कायदाही कामाला लागला, ही बाब मुक्तिसंग्रामाच्या गौरवग्रंथांत फारशी ठळकपणे येत नाही. १९४९ मध्ये जहागिरी खालसा झाल्या आणि १९५० मध्ये हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आला, ज्याने ‘संरक्षित कूळ’ असा वर्ग निर्माण केला, म्हणजे दुसऱ्याची जमीन ठरावीक वर्षे कसत आलेल्या ज्या शेतकऱ्याला मालक मर्जीनुसार हुसकावू शकत नाही आणि ज्याला ती जमीन विकत घेण्याचा हक्क आहे, असा शेतकरी. विनोबांना पहिले भूदान मिळाले तेही एप्रिल १९५१ मध्ये, कम्युनिस्टांच्या नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्लीत. कूळसंरक्षणाची मागणी काँग्रेसच्या कार्यक्रमातही होती हे खरे; पण तिच्या अंमलबजावणीची घाई तेलंगणाच्या धास्तीने केली, असेच म्हणावे लागते. कायदा सबंध हैदराबाद राज्याचा असल्याने आणि १९५६ मध्ये ते राज्य विभागले गेल्यानंतरही मराठवाड्यात तोच टिकल्याने, ज्याने लाल झेंडा कधी पाहिलाही नव्हता अशा नांदेड-लातूरकडच्या कुळालाही, मालकाने त्याचे नाव कागदावर येऊ दिले असेल तर, त्याचा आधार मिळाला.

नक्षलबारीच्या उठावानंतर भयाने ‘नक्षल’ हे नवे नाव घेतले, पण प्रश्न बराच काळ जुनाच राहिला. आज नांदेड जिल्ह्यात असलेले किनवट १९५६ पर्यंत ज्या आदिलाबाद जिल्ह्यात होते, त्याच जिल्ह्यातील इंद्रवेल्लीत एप्रिल १९८१ मध्ये पोलिसांनी गोंड आदिवासींच्या मेळाव्यावर गोळीबार केला, तेव्हाही मागणी जमिनीचीच होती. आज मात्र ‘शहरी नक्षल’ या शब्दप्रयोगातून जमीन पूर्णपणे गळाली असून भय माणसाच्या मतांवर येऊन थांबले आहे, आणि त्या अर्थाने ते मॅकार्थींच्या अमेरिकेच्या अधिक जवळ गेले आहे. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कडव्या डाव्या संघटनांविरुद्ध विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले, पण १९५० प्रमाणे त्याच्या जोडीला कुळाला किंवा शेतमजुराला काही देणारा कायदा नव्हता. बेकायदेशीर कृत्याच्या त्यातील व्याख्येत प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करण्यास उत्तेजन देण्याचाही समावेश आहे. नांदेडच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे ते स्वामी रामानंद तीर्थ १९३८ मध्ये सत्याग्रह करून निजामाच्या तुरुंगात गेले, ते याच स्वरूपाच्या कृत्यासाठी.