श्रद्धेची साक्ष आणि पक्षांचा दावा

ख्रिस्ती धर्मश्रद्धा राजकारणात उदारमतवादाच्या बाजूची की स्थितिरक्षकांच्या बाजूची, हा प्रश्न पाश्चात्य देशांत दीर्घकाळ वादाचा होऊन बसला आहे. दोन्ही पक्ष आपापली कैफियत बायबलच्याच आधारे मांडतात. कायद्याच्या व्यवसायात वावरणाऱ्या आम्हांस याचे नवल वाटत नाही. एकाच दस्तऐवजावर वादी आणि प्रतिवादी दोघेही विसंबून आहेत, हे दृश्य न्यायालयात नित्याचेच. परंतु दस्तऐवज एक असला, तरी साक्षीदार सारखेच विश्वासार्ह नसतात. म्हणून ग्रंथाचा अर्थ लावण्याचे काम पंडितांवर सोपवून आम्ही येथे साक्षीदारांची तपासणी करू इच्छितो.

अमेरिकेतील गुलामगिरीचा वाद घ्या. दक्षिणेकडील धर्मोपदेशक संत पौलाने फिलेमोनास लिहिलेल्या पत्राकडे बोट दाखवीत, कारण त्यात पळून आलेला दास धन्याकडे परत पाठविला आहे. गुलामगिरीचे विरोधक मिसर देशातील दास्यातून इस्राएलांची सुटका करणाऱ्या ईश्वराचे स्मरण देत. १८४५ साली बॅप्टिस्ट पंथ याच वादावरून दुभंगला. गुलाम बाळगणाऱ्यास मिशनरी नेमता येईल काय, हा तेव्हाचा वादमुद्दा होता. आणि ज्यांचे उत्तर होकारार्थी होते, त्यांनी सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन ही वेगळी संस्था स्थापन केली. त्या संस्थेने १९९५ साली गुलामगिरीला दिलेल्या पाठिंब्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. ही गोष्ट चांगलीच झाली. पण गुलामगिरी कायद्याने नष्ट होऊन तोवर १३० वर्षे लोटली होती. १९९५ साली त्या क्षमायाचनेने कोणाचे शेत ओस पडणार नव्हते, की कोणाची तिजोरी रिकामी होणार नव्हती.

त्याच देशातील अलीकडचा इतिहासही असाच बोलका आहे. १९६५ साली मार्टिन ल्यूथर किंग व त्यांचे सहकारी धर्मोपदेशक कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी मोर्चे काढीत होते. तेव्हा व्हर्जिनियातील जेरी फॉलवेल यांनी धर्मोपदेशकाचे काम आत्म्यांच्या उद्धाराचे, राजकारणाचे नव्हे, अशा आशयाचे प्रवचन केले. त्याच फॉलवेल यांनी १९७९ साली ‘मॉरल मेजॉरिटी’ ही संघटना उभारून ख्रिस्ती मतदारांना स्थितिरक्षक राजकारणात उतरविले. १९८० च्या निवडणुकीत या संघटनेने रेगन यांचा पुरस्कार केला, आणि पराभव झाला तो जिमी कार्टर यांचा. म्हणजे रविवारच्या शाळेत बायबल शिकविणाऱ्या एका बॅप्टिस्टाचाच! राजकारण धर्मोपदेशकाला वर्ज्य की कर्तव्य, याचा निकाल बहुधा ते राजकारण कोणाचे आहे यावरून लागतो, असे यातून दिसते. उदारमतवाद्यांनाही हा दोष चुकलेला नाही. किंग व्यासपीठावरून बोलले की त्यांना श्रद्धेचा राजकारणातील प्रवेश मंगल वाटतो. फॉलवेल बोलले की तोच प्रवेश त्यांना आक्रमण वाटू लागतो.

मग विश्वास ठेवावा कोणावर? पुराव्याच्या कायद्यात एक जुने तत्त्व आहे. मृत व्यक्तीने स्वतःच्या आर्थिक हिताविरुद्ध केलेले विधान न्यायालय पुराव्यात ग्राह्य धरते. कारण आपलेच नुकसान करणारी गोष्ट मनुष्य सहसा खोटी बोलत नाही. श्रद्धेच्या साक्षीलाही हेच तत्त्व लावावे, असे आम्हांस वाटते. जी श्रद्धा प्रतिपक्षावर बंधने घालते, तिच्याविषयी साशंक राहावे. जी बोलणाऱ्याच्याच हिशेबात खर्ची पडते, तिचे म्हणणे आदराने ऐकावे.

अठराव्या शतकातील न्यू जर्सीचे जॉन वुलमन हे असे साक्षीदार होते. क्वेकर पंथाचे हे गृहस्थ शिंपीकाम करीत आणि लोकांचे दस्तऐवजही लिहून देत. तरुणपणी मालकाच्या सांगण्यावरून एका कृष्णवर्णीय स्त्रीचे विक्रीखत त्यांना लिहावे लागले, आणि ती गोष्ट त्यांच्या मनाला कायमची लागून राहिली. पुढे एका आजारी शेजाऱ्याने त्यांच्याकडून मृत्युपत्र लिहवून घेतले. वुलमन यांनी सर्व कलमे लिहिली. गुलाम मुलगी अपत्याच्या नावे करण्याचे कलम तेवढे वगळले. मग रुग्णाच्या उशाशी बसून ते वाचून दाखविले, हे एक कलम आपल्या हातून लिहिले जाणार नाही असे सौम्यपणे सांगितले, आणि केलेल्या कामाचा मोबदलाही नाकारला. दोघांचे बोलणे झाले. शेजाऱ्याने मुलीला मुक्त करण्याचे मान्य केले. मग मृत्युपत्र पुरे झाले. वुलमन १७७२ साली वारले. त्यानंतर चारच वर्षांनी फिलाडेल्फियाच्या क्वेकर सभेने आपल्या सभासदांस गुलाम बाळगण्याची मनाई केली.

वुलमन उदारमतवादी की स्थितिरक्षक? राहणीने ते जुन्या वळणाचे होते. दुकान फार भरभराटीला येऊ लागले तेव्हा त्यांनी ते आटोपते घेतले. पण पिढ्यान्‌पिढ्यांची मालमत्ता त्यांनी अमान्य केली. पक्षांची नावे त्यांना चिकटत नाहीत.

गोव्याच्या वाचकास याहून जवळचे उदाहरण आहे. आमच्या पूर्वजांना ख्रिस्ती श्रद्धा भेटली ती राजसत्तेच्या वेषात. सोळाव्या शतकात त्या सत्तेने देवळे पाडली आणि कुलदेवतांना अंत्रुज महालात आश्रय घ्यावा लागला. विसाव्या शतकातही सालाझारच्या पोर्तुगालने १९४० साली व्हॅटिकनशी करार करून सत्ता आणि चर्च यांचे सख्य पक्के केले. परंतु त्याच देशातील पोर्तूचे बिशप अंतोनियु फेरैरा गोमिश यांनी १९५८ साली सालाझारला पत्र लिहून कष्टकऱ्यांचे दारिद्र्य आणि नागरिकांचे हिरावलेले राजकीय स्वातंत्र्य यांविषयी जाब विचारला. परिणाम ठरलेलाच होता. १९५९ पासून दहा वर्षे त्यांना स्वदेशाबाहेर काढावी लागली. ज्या राजवटीने आपल्या चर्चला मान दिला, तिलाच त्यांनी दोष दिला. म्हणून त्यांच्या शब्दाला वजन आहे.

येथे एक आक्षेप निघेल, आणि तो रास्त आहे. स्वहिताविरुद्धची साक्ष साक्षीदाराचा प्रामाणिकपणा दाखविते. ती सत्य सिद्ध करीत नाही. विल्यम विल्बरफोर्स यांनी बलाढ्य व्यापाऱ्यांचा रोष पत्करून, वीस वर्षे झगडून १८०७ साली ब्रिटिशांचा गुलामांचा व्यापार बंद करविला. पण मायदेशातील कामगारांच्या संघटनांवर बंदी घालणाऱ्या कायद्यांना त्यांचा पाठिंबा होता. आणि १८१३ साली हिंदुस्थानची दारे मिशनऱ्यांना खुली करताना त्यांनी आमच्या दैवतांविषयी पार्लमेंटात अत्यंत कठोर शब्द वापरले. तेव्हाही ते प्रामाणिकच होते! फरक इतकाच की, पहिल्या प्रकरणात त्यांनी स्वतःच्या राष्ट्राला आरोपी केले, दुसऱ्यात परक्यांना. आणि परक्यांवरील आरोपाची शहानिशा करण्याची गरज त्यांना भासली नाही. एकच मनुष्य एका प्रकरणी उत्तम आणि दुसऱ्या प्रकरणी दुबळा साक्षीदार ठरू शकतो. न्यायालय माणसाला नव्हे, त्याच्या प्रत्येक जबानीला तोलते, ते याचसाठी.

तेव्हा श्रद्धा कोणत्या पक्षाची, हा मुद्दाच चुकीचा काढला आहे. श्रद्धेला पक्ष नसतो, पण तिला किंमत असते. ती कोण देतो, हे पाहावे.

ही कसोटी शेजाऱ्याच्या चर्चला लावून देवळाला मात्र सूट देता येणार नाही. उमेदवाराने धर्माच्या नावाने मते मागणे हा आपल्या निवडणूक कायद्यात भ्रष्टाचार ठरतो. मतदारांच्या धर्माची साद घालणेही त्यातच येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली बहुमताने दिला. पण न्यायालयाचा हुकूम सभामंडपापर्यंत पोहोचतो. गर्भागारासमोर हात जोडणाऱ्याच्या मनापर्यंत त्याची पोच नाही. आमच्या धर्माच्या रक्षणाची ग्वाही देणारा कोणी पुढारी देवळात आला, तर त्याचा सत्कार करण्यापूर्वी त्याला एवढेच विचारावे: या धर्मासाठी आपण आपल्या पदरचे काय सोडले? आणि हा प्रश्न विचारणाऱ्या महाजनांनीही त्याचे उत्तर तयार ठेवावे.